पुढची खिडकी, मागची खिडकी

माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्यानं तिची ट्रंक उचलली आणि कॉलेजच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "नापास झाली त्याचं मला काय न्हाय. खोटं बोलली, त्याचं वाईट वाटतं."

मी तिथंच उभी होते. 

बारामतीच्या ट्रेनिंग कॉलेजात आम्ही दोघी मास्तरणी व्हायला आलो होतो. मी कन्हेरीची, ती सणसरची, एका खोलीत राहायचो. पहिल्या वर्षी ती सगळ्या विषयांत पास झाली आणि गणित कसं शिकवावं या एका विषयात गेली. मला आकडे पहिल्यापासून जमायचे म्हणून मी निभावले. त्या विषयावर एकच धड पुस्तक होतं, जाड, निळ्या कापडी बांधणीचं. सर वर्गात सारखं त्याचंच नाव घ्यायचे. बिचारी वर्षभर ते मागत राहिली आणि ग्रंथालयातून एकच उत्तर यायचं, नाही.

नवरा सणसरच्या शाळेत गुरुजी. आमच्याच कॉलेजात शिकून गेलेला. "ते पुस्तक हितंच हाय," तो म्हणाला, "मी स्वतः वाचून पास झालोय. हिनं मागितलंच न्हाय." ती डोळ्यांची शपथ घेत होती. आम्हाला पुस्तकं देणाऱ्या काकू मध्ये पडल्या, "अहो गुरुजी, खरंच नाहीये हो ते." तर म्हणतो कसा, "तुमी तिचीच बाजू घेणार!" सुट्टी लागलेली, ग्रंथपाल किल्ल्या घेऊन गावी गेलेले. दिवाळीआधी फेरपरीक्षा होती, पण खोटारडीला मास्तरीण करून काय करू, असं म्हणून तो तिला घेऊन गेला. तिचं शिक्षण तिथंच संपलं म्हणायचं.

आता ते ग्रंथालय कसं होतं ते सांगते. एक लांबलचक खोली आणि मधोमध छताला भिडलेली फळ्यांची भिंत. पुरुषांची खिडकी पुढच्या ओसरीवर, तिथं ग्रंथपाल बसायचे. आमची खिडकी मागच्या अंगाला, आडाशेजारी, तिथं काकू. काकू विधवा होत्या, गावातल्याच. मागच्या दारानं यायच्या, मागच्याच दारानं जायच्या. बायकांनी पुढं फिरकायचं नाही, ही शिस्त. आणि खरं सांगू, आम्हाला ती बरीच वाटायची.

जूनमध्ये नवे प्राचार्य आले. म्हणाले, देवघेवीला दोन खिडक्या कशाला? एकच टेबल मांडा, सगळ्यांनी तिथंच या. अगं बाई! आमच्यात नुसता हलकल्लोळ. पुरुषांच्या रांगेत उभं राहायचं? सगळ्यांत जास्त आरडाओरडा मीच केला. "घरी आमच्या आबांच्या कानावर गेलं तर माझीबी ट्रंक निघंल!" काकूंचं तर तोंडच उतरलं. परक्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बसायचं या कल्पनेनंच त्यांना रडू येत होतं.

पण सुतार आला आणि त्यानं फळ्या काढल्या. धूळ खाली बसली तशी आम्ही नाकाला पदर लावून आत डोकावलो.

मी बघतच राहिले. आमच्या बाजूला दोन कपाटं, त्यांत पाकक्रिया, शिवणकाम, स्तोत्रं, थोड्या गोष्टी आणि शिकवण्यावरची पाचसहा फाटकी पुस्तकं. तिकडंही असंच काहीतरी असणार, असं आम्ही धरून चाललेलो. तिकडं पार त्या टोकापर्यंत कपाटंच कपाटं! आणि तिसऱ्या कपाटात, मधल्या फळीवर, निळी जाड पुस्तकं. एक नाही, दोन नाही, रांगच्या रांग.

 मी काकूंना हाक मारली.

काकू पुढं गेल्या. एक पुस्तक काढलं, उघडलं, परत ठेवलं, दुसरं काढलं. तेच. मग ग्रंथपालांना म्हणाल्या, "हे कधी आलं?"

"ते होय? जुनंच आहे."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

माणूस वाईट नव्हता हो, म्हणून तर जास्त संताप आला! बायकांचा वर्ग निघाला तेव्हा कॉलेजनं दोन कपाटं भरून काकूंना सांगितलं होतं की हे तुमचं ग्रंथालय. त्यांनी ते खरं मानलं. फळ्यांमधून परपुरुषाला हाक मारून विचारायचं कुणी?

"काकू," मी किंचाळलेच, "ती खोटं बोलत नव्हती! आणि गुरुजीही नव्हते!"

रविवारी काकू आणि मी एसटीनं सणसरला गेलो. ज्या काकू बाजारालासुद्धा एकट्या जात नसत, त्या पदराखाली पुस्तक घेऊन माझ्या पुढं चालत होत्या.

गुरुजी सोप्यात बसलेले, सासू उंबऱ्यात, मैत्रीण आत भाकरी थापत होती. काकूंनी पुस्तक त्याच्यापुढं ठेवलं. "गुरुजी, हेच का?"

"व्हय, हेच की!" गडी खूशच झाला. "मी काय सांगत हुतो?"

"कुठल्या खिडकीतून घेतलंत?"

"पुढच्या."

"हिला पुढं यायची मुभा नव्हती. मध्ये भिंत होती. माझ्या बाजूला हे नव्हतंच, गुरुजी. मलाच ठाऊक नव्हतं."

 आतला थपथप आवाज थांबला. मैत्रीण पिठाच्या हातांनी बाहेर आली. मला वाटलं, आता रडेल. छे! नवऱ्याकडं सरळ बघत म्हणाली, "म्हणा आता."

"काय?"

"सगळ्यांच्या देखत खोटारडी म्हणालात न्हवं? आता ह्यांच्या देखत म्हणा."

सासूनं तोंडाला पदर लावला. अशी बोललेली सून तिनं कधी बघितली नसेल, मीही नव्हती बघितली. त्यानं पुस्तक तिच्याकडं सरकवलं. मग म्हणाला, "खरं बोलत हुतीस तू. फेरपरीक्षेला जा."

आत भाकरी करपल्याचा वास सुटला. ती आत गेली नाही. हात पदराला पुसले आणि पुस्तक उघडून तिथंच बसली. भाकरी उलटायला सासू गेली.

परतीच्या एसटीत मी नुसती बडबडत होते. कशी बोलली, कसं म्हणायला लावलं! काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचं लक्षच नव्हतं माझ्याकडं. बारामती जवळ आली तेव्हा म्हणाल्या, "हिच्या आधीच्याही मागायच्या गं ते पुस्तक. पणदऱ्याची एक होती, दोनदा नापास झाली, मग आलीच नाही. सगळ्यांना मीच नाही म्हणाले. आता त्यांच्याकडं पुस्तक घेऊन कोण जाणार?"

 एसटी थांबली आणि आम्ही उतरलो.