गोजरबाईच्या सालच्या बाया

इंद्रभान कासाराचं दुकान बीबी गावच्या बाजारात कधी ओस दिसलं नाही. सकाळी पोतं अंथरून बांगड्या मांडल्या की बाया कोंडाळं करून बसायच्या. तरी अलीकडे बाजार उठताना माल उरायचा. गर्दी तर तेवढीच, मग हे काऊन होऊन राह्यलं, त्याला उमजेना.

त्याची बायको गोजरबाई दोन वर्षांमागं खामगावला गेली होती. मुलगा कडूबा तिथं कापसाच्या जिनिंगात लागला, सून बाळंत झाली, आणि महिन्यासाठी गेलेली गोजरबाई तिथलीच होऊन बसली. तोवर बांगड्या तीच भरायची. इंद्रभाननं माल आणायचा, मांडायचा आणि बायांची बडबड ऐकत बसायचं. आता पोत्यावर तिच्या जागी तो बसे, आणि आपली जुनी जागा रिकामी ठेवी.

माल जुना झाला असेल म्हणून त्यानं सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्या आणल्या. त्याही उरल्या.

एका बाजारात चुडा भरताना त्यानं मान वर केली, तर समोर बसलेल्या बहुतेक यंदाच्याच नवऱ्या. मग मागच्या सालच्या कुठं गेल्या? गावात कासार तो एकटाच, म्हणजे प्रत्येक नवरीचा पहिला चुडा त्याच्याच दुकानातला. पुढं कोण टिकली, ते लग्नाच्या सालावरून कळणार होतं. तेव्हापासून येईल त्या बाईला तो साल विचारू लागला. भाजीवाली वच्छलाबाई भर बाजारात म्हणाली, "काऊन हो कासारभाऊ, दुसऱ्यांदा लगन लावून देता का माहं?" बाया पदराआड हसल्या. त्यानं विचारणं सोडलं नाही.

हळूहळू साल-सालाच्या बाया त्याच्या डोक्यात वेगळ्या बसल्या. गावात मोटार सुरू झाली त्या सालच्या आणि महाराष्ट्र झाला त्या सालच्या अजून सणासुदीला येत. गेल्या दोन लगनसराईंतल्या पोरी मात्र, पहिल्या बांगड्या पिचून वाढल्या की, लोणारच्या बाजारात जाऊन भरत. दर साली नव्या नवऱ्या त्यांच्या जागी येऊन बसत, म्हणून दुकान भरलेलं दिसे. टिकलेल्या सगळ्यांचा पहिला चुडा गोजरबाईनं भरलेला होता.

त्यानं वच्छलाबाईलाच विचारलं, असं कसं. ती म्हणाली, "तुमी हात धरता अन् बांगडी सारता. गोजरबाई मायेरचं विचारत राहे. हात कवा भरला, कळेच नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आमी तरी काय बांगड्यासाठीच येतो का? गोजरबाई कवा येते, ते विचाराले येतो."

ते तर तोही रोज विचारत होता, फक्त दुसऱ्या कुणाला नाही.

पुढच्या आठवड्यात तो खामगावला गेला. गोजरबाई नातवाला मांडीवर थोपटत होती. आठवण येते वगैरे बोलणं इंद्रभानला आयुष्यात जमलं नव्हतं. त्यानं धंद्याचंच सांगितलं. मोटारीच्या सालच्या अशा, महाराष्ट्राच्या सालच्या तशा, आणि तू गेल्यानंतरच्यांतली एकही टिकली नाही. ती थोपटत ऐकत होती.

"अन् तुमी कोणत्या सालचे?" तिनं विचारलं.

इंद्रभान खाली पाहत म्हणाला, "मी त्या सगळ्यांच्या आधीचा."

गोजरबाईचा थोपटणारा हात थांबला. "सुनेले पुन्हा दिवस गेले," ती म्हणाली. "मी कशी येऊ?"

तिनं नातवाला खाली निजवलं आणि नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला. बांगडी भरताना अंगठ्याच्या मुळाशी कसं दाबायचं, बोटं कशी जुळवायची, ते ती दाखवू लागली. घाई करू नका, म्हणाली. पोरीले तिच्या मायचं विचारा, हात आपोआप सैल पडते.

बाहेरून कडूबा परतीच्या मोटारीची वेळ झाल्याचं सांगून गेला. इंद्रभाननं हात काढून घेतला नाही.

"अजून नीट समजलं नाही मले," तो म्हणाला.

गोजरबाईनं पुन्हा पहिल्यापासून दाखवायला घेतलं.