समाप्ती नसलेली पोथी

काशीरामकाकांनी मासळी सोडली होती आणि त्याला प्राची जबाबदार होती. एवढंच तिला कळत होतं.

विचुंबे गावात काकांच्या शेतावर आता इमारतींचे टॉवर उभे आहेत. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी घर बांधलं आणि वरच्या खोल्या भाड्याने दिल्या. एम. ए. मराठी झालेली प्राची तिथे राहते.

दर श्रावणात काकांच्या ओटीवर पोथी बसते. शेजारचे दाजी वाचतात, काका अर्थ सांगतात. यंदा दाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काकांनी वाचायला प्राचीला हाक मारली. ती हातातलं जाडजूड पुस्तक घेऊनच खाली आली. मुखपृष्ठावर तलवार, आत नकाशा.

"ही कंची पोथी?"

"पोथी नाही काका, कादंबरी. असे तीन खंड आहेत."

"राजा हाय?"

"आहे."

"राक्षस?"

"भरपूर."

"वनवास?"

"तिन्ही खंड तोच चाललाय."

"मंग पोथीच की!"

प्राची हसली. दुसऱ्या दिवशी पहिला खंड चौरंगावर होता, वर हळदकुंकू. काकांनी नारळ फोडला आणि सांगून टाकलं, समाप्ती होईपर्यंत मासळी बंद. श्रावणच होता. कुणाला काही वाटलं नाही.

प्राची चार ओळी वाचायची. काका अर्थ लावायचे. "म्हंजे काय, तर गाव पान्याखाली गेला, पन मानसांनी गावाचा नाव सोरला नाय." बायका डोळे पुसायच्या. प्राचीने ही पुस्तकं वेळ घालवायला घेतली होती. यात रडण्यासारखं काय आहे, तिला समजेना. मग एकदा वाचता वाचता तिनेच डोळे पुसले.

मार्गशीर्षात तिसरा खंड संपला. नायक खिंडीत शिरला आणि मागचं दार बंद झालं.

"आता चवथा आन," काका म्हणाले.

"चौथा नाही आला. लेखकाने अजून लिहिलाच नाही. सहा वर्षं झाली."

मग काकांची बायको, वेणूकाकी, म्हणाली, "म्हंजे आमचा म्हातारा आता जलमभर पालाच खानार?"

सगळे हसले. काका हसले नाहीत.

प्राची चार दिवस खोलीत बसून लिहीत राहिली. चौथा खंड नेटवर आला, त्याच्या प्रती काढल्या असं सांगून तिने कागद वाचले. नायकाला गाव मिळालं. दिवे लागले. बायकांनी हात जोडले. काकांनी मात्र अर्थ सांगितला नाही.

"घोरा कुठं हाय?"

"कुठला घोडा?"

"दुसऱ्या खंडात नदीवर बांधलेला. परत येतो म्हनून सांगून गेलता त्याला."

प्राची विसरली होती.

"पोरी, हा तूच लिवलास ना?"

तिने मान खाली घातली. "काका, चुकले. पण तुम्ही मासळी खा. ही खरी पोथी नाहीच."

"खऱ्या पोथीचा शेवट मना पाठ हाय. चालीस वर्सं सांगतंय. कोन मरतो, कोन जगतो, वाचायच्या आधीच ठावं. याच्यात मना कायच ठावं नाय." काकांनी कागद नीट घडी करून तिला परत दिले. "उद्या पयल्यापासून लाव."

"आणि शेवट आलाच नाही तर?"

"घोरा उभा हाय ना तिथं. कोनीतरी त्याच्याजवल बसाया नको?"

दुसऱ्या दिवशी दुपारी प्राचीने पहिला खंड उघडला. आतून तव्यावर बोंबील टाकल्याचा वास आला. काकांनी एकदा डोळे मिटले आणि पाठ ताठ केली. आपण या माणसाचं वाईट केलं की भलं, तिला ठरवता येईना.

"वाच," काका म्हणाले. "कुठं अरलीस?"