पंख्याची मान

वडील मंगळवारी वारले. दुपारी, कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात, मागावर काम करताना.

तिसऱ्या दिवसापर्यंत खानदेशातून आलेल्या माणसांनी आमची खोली भरली. पुरुष दारापाशी बसत, आई आतल्या कोपऱ्यात. दहा दिवस तिने कोपरा सोडायचा नव्हता. वैशाख होता. टेबलफॅन एकच, आणि त्याची मान दाराकडे अडकलेली. मी तो आईकडे वळवून ठेवला.

"पाव्हणासले लागू दे," ती म्हणाली. "माले नही जोयजे."

आत्याने उठून तो परत फिरवला.

सगळ्यांना मिळून लागणारा वारा आईने नाकारला नसता. म्हणजे मान फिरायला हवी होती.

हाताने ढकलली की मान एक फेरी मारायची आणि पुन्हा दाराकडे येऊन थांबायची. दर वेळी तिथेच. मला नवल वाटलं. मी कॉलेजात इतिहास शिकत होते, यंत्रातलं काही कळत नव्हतं. पण सगळंच बिघडलं असतं तर ती कुठेही थांबली असती. मी मागचं झाकण काढलं.

"बाप गयेल शे आनि पोर पंखा खोली ऱ्हायनी!" आत्या म्हणाली.

आत ग्रीसमध्ये रुपयाएवढं पांढरं प्लॅस्टिकचं चाक होतं. त्याचे लागोपाठचे तीन दात गेले होते. मी ते आईला दाखवलं.

"तुना बापनं काम शे हाई."

पाळीवरून आले की वडील दारापाशी जेवायला बसत आणि वारा दुसरीकडे जाऊ नये म्हणून मान हाताने धरून ठेवत. आत चाक फिरू बघत असणार, आणि दर वेळी तेच दात झिजत असणार. हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

भावाने बाजारात विचारलं. त्या लोकल पंख्याचं चाक मिळालं नाही. दोन नळ्या मिसळून घट्ट होणाऱ्या डिंकाचे दात त्या गुळगुळीत प्लॅस्टिकवरून नखासारखे निघून आले. मग घरात पडून असलेल्या मागाच्या जुन्या फणीतल्या, धागे वेगळे ठेवणाऱ्या पातळ पोलादी पट्ट्या घेतल्या. स्टोव्हवर लाल करून एकेक पट्टी चाकात खुपसली. प्लॅस्टिक वितळलं, मग पट्टीला धरून घट्ट झालं. पहिली वाकडी बसली. ती काढून पुन्हा. शेवटी कानस फिरवली.

पाचव्या दिवशी मान फिरली. वारा पुरुषांवरून, आत्यावरून कोपऱ्यात गेला. आईने डोक्यावरचा पदर थोडा मागे सरकवला.

पंखा आता माझ्याकडे आहे. मान एका टोकाला, त्या पोलादी दातांपाशी, गेली की टक् असा आवाज होतो.