घोड्यावरून न उतरलेला राजा

सासरे न्यूझीलंडमध्ये, हेन्डरसनला आमच्याकडे आले तेव्हा पुण्यातलं घर त्यांना बंद झालेलं होतं. थोरल्या दिरांशी इतकं वाकड्यात शिरले होते की परतीची सोयच उरली नव्हती. इथे कायमचं राहायचं, तर माझ्या नवऱ्याने त्यांच्यासाठी अर्ज करायला हवा होता, आणि तो करणारही होता. थाट मात्र असा, जणू आमच्यावर उपकार करायला आलेत. सरकारी खात्यातले चीफ इंजिनिअर, निवृत्त होऊन जमाना झालेला. तरी गाडीत मागच्या सीटवर डावीकडे बसायचे आणि मुलाने दार उघडेपर्यंत ढिम्म हलायचे नाहीत. सुरुवातीला मी चिडायचे. पुढे चिडण्याइतकीही त्यांची किंमत माझ्या लेखी उरली नाही.

शेजारी एक पोलिश आजी राहायच्या, लहानपणी युद्धात देश सुटलेल्या. एका रविवारी चहाला आल्या आणि त्यांच्याकडच्या एका जुन्या, मध्ययुगातल्या राजाची गोष्ट सांगायला लागल्या. राजा म्हटल्यावर सासरे सावरून बसले. हा राजा फार शूर होता म्हणे. असेलही. पण त्याचा खरा शौक दुसऱ्यांना गादीवर बसवण्याचा. कीव्हमध्ये एकाला बसवलं, हंगेरीत दुसऱ्याला. स्वतःच्या सरदारांना परक्या मुलखात लढाईला जुंपून ठेवलं, आणि ते कंटाळून घरी परतले तर त्यांनाच शिक्षा. एका बिशपने तोंडावर सुनावलं, तर त्याला मारून तुकडे केले. शेवटी देश उलटला, आणि आपले हे शूरवीर बायकोपोरासकट हंगेरीला पळाले.

तिथला राजा पोलंडमध्ये वाढलेला, यानेच गादीवर बसवलेला. बिचारा स्वागताला पुढे आला, घोड्यावरून उतरून अदबीने उभा राहिला. आणि आमचा पळपुटा घोड्यावरच. म्हणाला, याला लहानाचा मोठा मी केला, राजा मी केला, याच्यासाठी मी उतरू? हंगेरीचे लोक ते कधीच विसरले नाहीत. थोड्याच काळात तो पळपुटा मेला. कुणी म्हणतात, मारला.

"बरोबरच केलं त्याने," सासरे म्हणाले. "ज्याला आपण घडवलं त्याच्यासाठी उतरायचं कशाला?"

"पण तो आसरा मागायला आला होता," आजी म्हणाल्या. सासऱ्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. विषय त्यांच्या दृष्टीने संपला होता.

पुढच्याच शनिवारी नवऱ्याच्या ऑफिसचं बार्बेक्यू होतं. नवऱ्याने दार उघडलं तेवढ्यात त्याचा मॅनेजर जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत गवतातून गाडीपाशी आला. "किया ओरा, सर," म्हणत त्याने हात पुढे केला. सासरे बसूनच राहिले. दोन बोटं पुढे करून इंग्रजीत म्हणाले, "हा लहानपणी अगदी मठ्ठ होता. मी घडवला म्हणून आज तुमच्याकडे आहे." मॅनेजर ओशाळून हसला, "स्वीट ॲज," म्हणजे छानच, म्हणाला आणि सॉसेज बघायला निघून गेला. दार धरून उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याचे कान लाल झाले होते. मागच्या सीटवरचा तो फुगलेला म्हातारा मला त्या क्षणी इतका क्षुद्र वाटला की मी मान फिरवली.

घरी आल्यावर बूट काढता काढता नवरा म्हणाला, "बाबा, मी तुमचा अर्ज करत नाहीये."

"मी तुला घडवलं," सासरे म्हणाले.

"मान्य. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

सासरे सोफ्यावर टेकले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, एवढं एकच त्यांच्या बाजूने सांगता येईल. "नसता केला," ते म्हणाले. "असल्या माणसाला मी घरात ठेवलं नसतं."

नवरा आत निघून गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मुंबईला उतरल्यावर टॅक्सीवाल्याला पत्ता कुठला सांगू?"

मी नवऱ्याचे बूट उचलले आणि आत निघून गेले.