कट म्हटल्यानंतर

वुच शहरातल्या स्टुडिओत ओटिलिया व्झोस फिल्म कापायची आणि जोडायची. शूटिंग कुणीही करावं, सिनेमा होतो तो माझ्या टेबलावर, असं ती म्हणे. आणि तिच्या तोंडावर नाही म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. नव्या पोरी शिकायला आल्या की ती पहिला धडा द्यायची, "लाँग शॉट म्हणजे लांबून बघणं, क्लोज-अप म्हणजे जवळ जाणं. कोण कुणाच्या किती जवळ गेलंय, ते फिल्म लपवत नाही गं."

हा धडा एक दिवस तिच्याच अंगाशी आला.

तिचा नवरा बोगुमिल कॅमेरामन. हात म्हणजे दगड! खांद्यावर कॅमेरा घेऊन बर्फातून चालला तरी चौकट हलायची नाही. लग्नात ओटिलियाच्या बोटात अंगठी घालतानाही तो हात हलला नव्हता, आणि त्या वेडीला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं.

त्या हिवाळ्यात कालिना नावाच्या नव्या नटीच्या सिनेमाचं काम चालू होतं, कॅमेऱ्यामागे बोगुमिलच होता. स्टेशनवरच्या निरोपाचा शॉट टेबलावर आला. कालिनाचा क्लोज-अप. मग दिग्दर्शकाचा आवाज, "कट!" पोरगी अभिनय सोडून गारठलेलं नाक चोळायला लागली, स्वतःशीच हसली. कॅमेरा मात्र थांबलाच नाही. आणि चौकट थरथरली.

ओटिलियाने तुकडा मागे फिरवून पुन्हा पाहिला. पुन्हा थरथरली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात मेली पोरगी दिसत होती खरंच गोड.

घरी तिने सूप वाढता वाढता विचारलं, "स्टेशनवर फार थंडी होती का रे? हात गारठला असेल."

"माझा? माझा हात कधी हलतो का?"

"नाही रे. वाटी नीट धर, सांडेल."

कटनंतरची फिल्म फेकून द्यायची असते. कात्री हातातच होती. पण ओटिलियाने तो तुकडा ठेवला. त्यावरचा "कट" काढला, गाडीची शिट्टी जोडली आणि सिनेमाचा शेवट तिथेच केला.

दिग्दर्शक हरखला. "ओटिलियाबाई, हे सोनं कुठे सापडलं? कॅमेराच पोरीच्या प्रेमात पडलाय जणू!"

"कचऱ्यात," ती म्हणाली.

पहिल्या खेळाला ती नवऱ्याशेजारी बसली. शेवटी कालिनाचा चेहरा पडदाभर पसरला, हसला, थरथरला. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. बोगुमिलचा चेहरा पांढरा पडला.

"हे कापायचं असतं," तो पुटपुटला.

"कापलं असतं तर तुला वाटलं असतं, मला दिसलंच नाही."

लोक टाळ्या वाजवत उठले. अंधारात बोगुमिलने तिचा हात हातात घेतला. ओटिलिया श्वास रोखून थांबली.

तो हात जराही थरथरला नाही.