नाव टाकायचं मशीन

सुनेने दुकानासाठी कॉम्प्युटरवर चालणारं नाव कोरायचं मशीन पाहायला सुरुवात केली, तेव्हा तिने मला विचारलं, "आई, तुमच्या वेळी कसं निवडलं होतं?" मी म्हटलं, "निवडलं कुठं, भीत भीत आणलं." मग सगळं सांगावं लागलं.

खामगावात आमचं भांड्यांचं लहानसं दुकान होतं. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. विकलेल्या भांड्यावर नाव टाकायचं काम माझे यजमान स्वतः करत. छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन बसले की टकटक आवाजाबरोबर अक्षरं उमटत जायची. आजूबाजूच्या खेड्यांत त्यांचं अक्षर ओळखीचं होतं.

एका दिवाळीनंतर त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी नुसती चहाची बशी वाजायची. मग एक दिवस परातीवरचा उकार लांबवर घसरला. गिऱ्हाइकाने काही म्हटलं नाही, पण यांनी ती परात ठेवून घेतली आणि दुसरी दिली. डॉक्टर म्हणाले, हातोडी बंद. त्यातच पितळेच्या जागी स्टील येऊ लागलं होतं, आणि त्यावर छिन्नी धड बसायची नाही.

नेमकं तेव्हाच सोनाळ्याहून मोठं काम आलं. लग्नकार्यासाठी गावाने सामाईक भांडी घ्यायचं ठरवलं होतं. ताटं, पराती, घागरी, घंगाळं. प्रत्येकावर गावाचं नाव हवं, म्हणजे कुणाच्या घरी राहिलं तरी ओळखू येईल. यजमानांनी हो म्हणून टाकलं. ती माणसं गेल्यावर मी विचारलं, "हो म्हनलं खरं, पन नाव टाकीन कोन?"

"मशीनवर टाकू. अकोल्याले भेटते म्हनतात."

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. मशीन बिघडलं तर दुरुस्त कोण करील? खामगावात ते कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. लाईटचा भरवसा नव्हता. एकदा घेतलेलं मशीन बदलायची आमची ऐपत नव्हती. आणि सगळ्यात मोठी भीती मी तोंडावाटे काढलीच नाही. मशीनवरही यांचा हात चालला नाही तर?

अकोल्याच्या दुकानदाराने दोन मशिनं समोर ठेवली. एक पाटावर बसवलेलं, लोखंडी पट्ट्यांचं. त्याच्या एका टोकाची टाचणी साच्यातल्या अक्षराच्या खाचेतून फिरवायची, की दुसऱ्या टोकाची सुई तेच अक्षर ताटावर ओढायची. त्याला लाईट लागत नव्हती. दुसरं म्हणजे विजेचं पेन. जाड, भुणभुण करणारं. हातात धरून जसं लिहू तसं कोरणारं.

यजमानांनी आधी पट्ट्यांचं मशीन घेतलं. खाचेने टाचणीला धरून ठेवलं आणि त्या थरथरत्या हातातून सरळ, स्वच्छ अक्षर उतरलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले. वाटलं, हेच उचलावं आणि घरी जावं. पण सोनाळ्याच्या घागरी डोळ्यांपुढून हलेनात.

"घागरीवर चालते काय हे?" मी विचारलं.

"नाही वहिनी. सपाट पायजे," दुकानदार म्हणाला.

यजमानांनी माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं. मग ते साच्यांचा डबा चाळू लागले. एकदा चाळला, पुन्हा चाळला. "याच्यात ळ नाही."

"दिल्लीचा माल आहे, भाऊ. तिकडं ळ लागत नाही. ल टाकून द्या, कोन पाह्यते?"

"सोनाळ्याचे लोक पाहतीन," यजमान म्हणाले.

मग त्यांनी पेन हातात घेतलं. पेनची थरथर आणि हाताची थरथर एक झाली. पत्र्याच्या तुकड्यावर नुसते ओरखडे उठले. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. "तू पाह्य बरं."

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पेन धरताच कोपरापर्यंत मुंग्या आल्या. अक्षर शाळकरी पोरीसारखं आलं, पण 'सोनाळा' पुरं आलं, ळसकट.

"वहिनींच्या हाताले जमते की!" दुकानदार हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यांच्याकडे पाहायची हिंमत होईना.

"हेच द्या," एवढंच ते बोलले. सुई कुठं मिळते, स्प्रिंग तुटली तर काय, हे विचारून विचारून मात्र त्यांनी दुकानदाराला पार भंडावून सोडलं.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीबाहेर बघत बसले. बाळापूर गेल्यावर मला राहवेना. "पट्ट्यांचंच घ्याचं होतं. तुमचा हात चालला असता."

"अन् घागरी?"

"केल्या असत्या कशातरी."

"कसंतरी काम मी कधी केलं काय? तू कर. मी सांगतो तसं."

पुढचे आठवडे ते शेजारी बसून सांगत राहिले. काना वरून खाली ओढ. वेलांटीवर हात थांबवू नको. लाईट गेली की पेन मुकं व्हायचं आणि अक्षर अर्धवट राहायचं. पुन्हा लिहिताना जोड दिसला की माझा जीव खालीवर व्हायचा.

सोनाळ्याची माणसं ट्रक घेऊन आली तेव्हा काही घागरी बाकी होत्या, आणि तेवढ्यात लाईट गेली. मी चहा ठेवला. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ताट उचललं, नावावरून अंगठा फिरवला.

"शेठ, हे अक्षर तुमचं नाही."

एरवी यजमान परक्या माणसांसमोर उजवा हात मांडीखाली दडवत. आज तो तसाच गुडघ्यावर थरथरत राहिला. "नाही. आमच्या मंडळीचं आहे. आता दुकानात हेच अक्षर चालीन."

म्हातारे माझ्याकडे वळले. मी पदर सावरला आणि बोलणी खायची तयारी केली.

"गावाचं नाव बरोबर हाय ना, मंग झालं," ते म्हणाले. "लाईट आली की माह्या लोट्यावर नातीचंही टाकून द्या, बाई."

दुपार कलता कलता लाईट आली. घागरी झाल्या, लोटाही झाला.

ते पेन बरीच वर्षं चाललं. स्प्रिंग तुटली की यांना अकोल्याला पळावं लागे, आणि ते परत येईपर्यंत माझी धाकधूक काही जात नसे. यजमान पुढं गल्ल्यावर बसत. गिऱ्हाइकाला नाव विचारत आणि मला आत ऐकू येईल अशा खणखणीत आवाजात, ऱ्हस्व-दीर्घासकट, ओरडून सांगत.