मागचा खांदा

सटवाजी सोनकांबळे माहूरला डोली उचलायचा. रेणुकेच्या पायऱ्या ज्यांना चढवत नाहीत अशा म्हाताऱ्या, लकवा मारलेली माणसं, गुडघे गेलेले पेन्शनर यांना लाकडी पाटावर बसवायचं. पाट दोरांनी बांबूला टांगलेला आणि बांबू दोघांच्या खांद्यावर. चढताना सगळं वजन मागच्यावर येतं आणि मागच्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत, कारण पुढे डोली असते. म्हणून पुढचा माणूस बोलत जातो. पायरी मोठी हाय, तुटकी हाय, डावीकडं वळण हाय. सटवाजी उंच, म्हणून मागचा खांदा त्याचा. पुढे दगडोबा नावाचा, माहूरजवळच्याच वाईचा धनगर. दोघांनी नऊ वर्षं असं एकमेकांच्या भरवशावर काढली.

हे सगळं मला सटवाजीनंच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी. लातूरकडच्या खरोशाच्या टेकडीखाली, खडीच्या ढिगावर बसून. मी तिथं जवळच्या गावात शाळामास्तर होतो.

सटवाजीचं गाव जळकोटच्या अलीकडं. बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव गाठोड्यात बांधून विहिरीत सोडले, तेव्हा हा बारा वर्षांचा. बहात्तरला त्या विहिरीचाच तळ दिसायला लागला. देव मात्र दिसले नाहीत, कुणी तरी आधीच काढून नेले असणार, असं तो सांगायचा. त्या उन्हाळ्यात त्याची पहिली मुलगी गेली. दीड वर्षाची होती. हगवण लागली आणि दोन दिवसांत संपली. तिला पुरून आल्यावर बायको चांगुणा म्हणाली, "हितं आता काय ऱ्हायलंय?" तेवढ्यावर दोघं निघाले. आधी नांदेड, तिथून जंगलाच्या कामावर किनवट, आणि तिथून माहूर.

डोलीच्या अड्ड्यावर त्याला कुणी जात विचारली नाही. सटवाजी हे नाव सगळ्यांतच असतं. त्यानं लपवलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. दगडोबाला मात्र ठाऊक होतं, कारण चांगुणा एकदा बोलता बोलता नागपूरच्या दीक्षाभूमीचं बोलून गेली होती. दुसऱ्या दिवशीही दगडोबानं सटवाजीच्याच डब्यातली भाकरी खाल्ली.

देवळाच्या दारात डोली ठेवली की सटवाजी तोंड फिरवून सावलीला बसायचा. बाकीचे हात जोडायचे. कुणी छेडलं तर म्हणायचा, "देवी तुमची, पायऱ्या माझ्या."

एका चैत्री पुनवेला उमाबाई नावाची म्हातारी आली. बरोबर मुलगा व्यंकटराव. घरची चांगली जमीन, अंगावर सोनं, स्वभाव बोलका. म्हातारीचे दोन्ही गुडघे धरलेले होते आणि देवीला ओटी भरायचा नवस होता. व्यंकटराव ओटीचं सामान घेऊन रांगेत उभं राहायला पुढं गेला. दगडोबा अन् सटवाजीनं म्हातारीला पाटावर बसवलं आणि उचललं.

ऊन चढलं होतं. एका वळणावर सटवाजी मागून म्हणाला, "माय, धरून बसा, वळण येलालंय."

म्हातारीनं मान वळवली. "येलालंय म्हन्तूस? तू आमच्याकडचा दिसतूस की. गाव कोणतं रं बाबा?"

नऊ वर्षांत आपल्या मुलखाची बोली त्याच्या कानावर फारशी पडली नव्हती. माहूरकडचे लोक 'येऊन राहिलो, जाऊन राहिलो' बोलायचे. त्याला बरं वाटलं. त्यानं गावाचं नाव सांगितलं.

"अगं बाई! आमच्या नदीपल्याड. कुणाचा तू?"

"ज्ञानोबाचा."

"कोणता ज्ञानोबा?" म्हातारीचा आवाज बदलला. "मयताची खबर घेऊन यायचा, त्यो ज्ञानोबा?"

सटवाजीचा बाप खरोखरच मयताच्या खबरा घेऊन गावोगाव चालत जायचा, दीक्षा घेईपर्यंत.

"खाली ठेवा," म्हातारी म्हणाली.

दगडोबा पुढून म्हणाला, "आजी, अर्धं आलो आपुन. ऊन लई हाय. वर गेल्यावर बघू."

"ठेव म्हन्ते ना! नवसाला चालले मी. ह्याच्या खांद्यावरून जाऊ व्हय देवीकडं?"

त्यांनी तिला एका पायरीवर उतरवलं. तिथं ना झाड, ना भिंत. दगडोबा म्हणाला, "मी वर जाऊन तिच्या पोराले बोलावतो, दुसरे गडी बघतो," आणि गेला. सटवाजी चार पायऱ्या खाली बसला. कमरेला पाण्याचा डबा होता. म्हातारी डब्याकडं बघायची आणि मान फिरवायची. तिनं मागितलं नाही. त्यानंही दिलं नाही. "द्यायला पायजे होतं," तो मला म्हणाला. "पर तिनं थुंकलं असतं तर? मग दोघांचीबी शोभा झाली असती."

येणारे-जाणारे 'जय जय' करत बाजूनं जात होते. अर्ध्या तासानं म्हातारी एका अंगावर कलंडली. डोळे पांढरे. तेव्हा मात्र सटवाजीनं विचार केला नाही. तोंडात पाणी घातलं, डोकं भिजवलं, डोक्याचा पटका सोडून तिला पाठीशी बांधलं आणि एकटा पायऱ्या उतरायला लागला. सावली खालीच होती, दवाखानाही खालीच.

निम्म्या वाटेत तिला शुद्ध आली. तिचे हात त्याच्या गळ्याभोवती आवळले गेले आणि कानाशी आवाज आला, "हळू चाल रं बाबा, पडशील."

"हाव माय," तो म्हणाला.

खाली प्रसादाच्या दुकानापुढं त्यानं तिला निजवलं. तिची शुद्ध पुन्हा गेली होती. इतक्यात व्यंकटराव धावत आला; वरच्या गर्दीत दगडोबाची न् त्याची गाठच पडली नव्हती. आई जमिनीवर, लुगडं भिजलेलं, गळ्यातली बोरमाळ नाही. गर्दीतल्या कुणी तरी सांगितलं की ह्यानं आणलं. व्यंकटरावानं सटवाजीच्या तोंडात मारली. मग बाकीच्यांनीही मारलं.

संध्याकाळी म्हातारी दवाखान्यात बोलायला लागली. जमादारानं सटवाजीला तिच्यापुढं उभं केलं. डोलीतून ह्यानं पाडलं का, पाठीवर कुणी आणलं, माळ कुठं गेली, सगळं विचारलं. उमाबाईनं त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पोराकडं बघून म्हणाली, "मला काय बी आठवत न्हाई."

दगडोबालाही विचारलं. तो म्हणाला, "म्या वर गेलतो, साहेब. मागं काय झालं मले ठावं न्हाई."

आठ दिवस सटवाजी चौकीत होता. चांगुणा रोज भाकरी घेऊन यायची आणि बाहेर लिंबाखाली बसायची. शेजारी सात वर्षांची सिंधु, माहूरलाच जन्मलेली. नवव्या दिवशी जमादार म्हणाला, "माळ सापडली म्हणे. म्हातारीनंच निघताना गाठोड्यात ठेवली होती. जा घरी." त्या मारानं सटवाजीच्या डाव्या कानाला पुढं कधी नीट ऐकू आलं नाही.

तो अड्ड्यावर गेला तर दगडोबाबरोबर दुसराच माणूस बांबूला दोर बांधत होता. बाकीचे डोलीवाले जमिनीकडं बघत बसले.

"दगडोबा," सटवाजी म्हणाला, "म्हातारी आपल्या तोंडानं उतरवा म्हन्ली, एवढंच सांगायचं होतं."

"सांगतलं असतं," दगडोबा म्हणाला. "मंग मले इचारलं असतं, तुले ठावं होतं का ह्यो कोण हाय? नऊ वर्षं एका डब्यातलं खाल्लं का? मले बी लेकरं हायत, सटवा."

दगडोबाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं सटवाजीनं मला सांगितलं. आणि मग म्हणाला, "पर त्यानं दोर बांधायचा थांबिवला न्हाई."

डोलीला दोन माणसं लागतात. माहूरमध्ये त्याच्याबरोबर बांबूला खांदा द्यायला एकही माणूस उरला नाही. काही महिने त्यानं लाकडं तोडली, मग तिघं चांगुणाच्या माहेरी आले, औशाकडं, खरोशाजवळ. तिथं तिचा भाऊ पंढरी मजुरी करायचा.

दुसऱ्या वर्षी लातूर जिल्हा झाला. आमच्याकडं त्याचा गाजावाजा फार होता. शाळेच्या पाटीवरचं 'उस्मानाबाद' खोडून मीच नवं नाव रंगवलं. जीपगाड्या वाढल्या, नवे साहेब आले आणि पाहुण्यांना दाखवायला काही तरी हवं म्हणून खरोशाची लेणी बघायला माणसं यायला लागली. टेकडीच्या अंगात कोरलेली जुनी लेणी, पडझड झालेली. एका लेण्यात बसलेला बुद्ध आहे. लातूरला नोकरीला लागलेली आमच्या भागातली बौद्ध मंडळी सुट्टीला म्हाताऱ्या आईबापांना घेऊन यायची. म्हाताऱ्या खालीच बसून राहायच्या आणि मुलं वर जाऊन आल्यावर विचारायच्या, "कसा हाय रं बुद्ध?"

अशीच एक नागुबाई म्हणून म्हातारी खाली बसलेली सटवाजीनं बघितली. घरी येऊन तो म्हणाला, "बांबू हाय, पाट करता येईल. दुसरा माणूस पायजे." पंढरी म्हणाला, मला लाज वाटते.

चांगुणा चुलीपुढून उठली. "मी धरते पुढनं."

"बाईच्या खांद्यावर कोण बसल?"

"पाय थकले की माणूस खांदा बाईचा का बाप्याचा बघत न्हाई."

तिचंच खरं झालं. पाच वर्षं नवरा-बायकोनं डोली उचलली. ती पुढं पायवाटेवर दगड, खड्डा, काटा सांगत जायची, आणि त्याच्या बहिऱ्या कानामुळं मोठ्यानं सांगायची. इथं जात विचारणारेही यायचे. सटवाजी आता आधीच सांगून टाकायचा, "आमी बौद्ध. बसायचं तर बसा." काही बसायचे, काही माघारी जायचे.

शाळेच्या मुलांना लेणी दाखवायला नेताना एकदा मी माझ्या आईलाही नेलं होतं. आई काही हलकी नव्हती. वर पोचल्यावर चांगुणा लेण्याच्या बाहेर पोट धरून खाली बसली. मी विचारलं, "काय झालं, बाई?" ती म्हणाली, "काय न्हाई गुर्जी, दम लागला." मी आत गेलो आणि मुलांना शिल्पं समजावून सांगत बसलो. एवढंच मी केलं.

तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होतं. दोन वर्षं. ती फडकं बांधायची आणि वर लुगडं घट्ट आवळायची. नवऱ्याला सांगितलं नाही, भावजयीलाही नाही. सांगितलं असतं तर डोली थांबली असती.

पंच्याऐंशीनंतर पुन्हा पावसानं ओढ दिली. टँकर यायला लागले, लोकांचं फिरणं थांबलं, लेण्यांकडं कुणी फिरकेना. सरकारनं रोजगार हमीचं काम काढलं, ते नेमकं टेकडीवरच्या रस्त्याचं. गाडी थेट लेण्यापर्यंत गेली पाहिजे. सगळं गाव खडी फोडायला लागलं. सटवाजी-चांगुणाही. मी एकदा म्हणालो, "सटवाजी, हा रस्ता झाला की तुमची डोली बसेल."

तो हातोडी खाली न ठेवता म्हणाला, "ठावं हाय की. पर आज दुसरं काम कुठं हाय?"

त्या कामावरच चांगुणा कोसळली. पाटी डोक्यावरून पडली आणि लुगडं रक्तानं भिजलं. बायकांनी आडोसा केला. त्या आडोशात तिनं बाजूला बसलेल्या सिंधुला सगळं सांगितलं. पोर तेव्हा तेरा वर्षांची. लातूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सटवाजीला बाहेर बोलावून सांगितलं की आत गाठ आहे, फार पसरली आहे, घरी न्या, जे खाईल ते खाऊ द्या.

ती पौषात गेली. शेवटचे दोन महिने सटवाजी कामावर गेला नाही. तिचं धुणं-पुसणं त्यानंच केलं, सिंधुला करू दिलं नाही. एकदा मी भेटायला गेलो तर चांगुणा पडल्या पडल्या त्याला सांगत होती, पाणी कुठून आणायचं, कोणत्या टँकरला गर्दी कमी असते. मोठ्यानं, सवयीनं.

पुढच्या वर्षी रस्ता पुरा झाला. उद्‌घाटनाला मांडव पडला. साहेबांची जीप टेकडी चढून लेण्यापर्यंत गेली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी खडी फोडली ते सगळे पेढे घ्यायला वर चालत निघाले. सटवाजी खडीच्या उरलेल्या ढिगावर बसून होता. मी त्याच्याजवळ बसलो. त्याच दिवशी त्यानं मला माहूरची सगळी हकीकत सांगितली. मी विचारलं नव्हतं.

सांगून झाल्यावर मी म्हणालो, "चला, वर जाऊन येऊ."

तो बसूनच राहिला. म्हणाला, "गुर्जी, पाच वर्षं चांगुणा माणसं वर न्यायची. पर तिनं त्यो बुद्ध आत जाऊन कधी बघितलाच न्हाई. डोली ठेवली की बाहेर बसायची. मला वाटायचं, आळस करती."

वरून लाउडस्पीकरचा आवाज येत होता.

सिंधुचं लग्न पुढं लवकरच अर्धापूरला झालं. नवरा केळीच्या बागेत कामाला. सटवाजी तिच्याकडं राहायला गेला आणि चार वर्षांनी तिथंच वारला. सिंधुनं शाळेच्या पत्त्यावर कार्ड टाकलं होतं. अक्षर लहान मुलीसारखं, एक ओळ रेघेबाहेर गेलेली. लिहिलं होतं की आबा गेले, तुम्हाला कळवा म्हणाले होते.